मानवतं का, ते बघायला गेलेला महिना

मला गप्प बसता येत नाही. लग्नात एक उखाणा घ्यायला सांगितला तर मी तीन घेतले. चौथ्याला सासूबाईंनी पदर ओढला. अशा बाईला लातुरात एका खोलीत महिनाभर तोंड बंद ठेवावं लागलं, त्याची ही हकीकत.

आमची मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. गणितात डोकं चालायचं म्हणून लातूरच्या एका कॉलेजच्या स्पेशल बॅचला तिची निवड झाली. वर्ग उन्हाळ्यातच सुरू व्हायचे, प्रवेश मात्र निकालानंतर पक्का करायचा. आमच्या ह्यांचं देगलूरला भांड्यांचं दुकान. दिवसभर स्टीलचा खणखणाट ऐकून त्यांच्याकडे घरासाठी शब्द उरत नाहीत. एस.टी.त बसवताना एवढंच म्हणाले, "महिनाभर बघ. लेकराला मानवलं तर ठेवू. न्हाई तर घेऊन ये."

मी खूष. नवं गाव, नवे श्रोते!

त्या गल्लीत घरोघर मुलांना खोल्या दिलेल्या, आणि मुलांसोबत स्वयंपाकाला आलेल्या आया. नावं कुणी विचारत नसे, गावावरूनच हाक. मी देगलूर, शेजारची धर्माबाद, समोरची मुरूड. घरमालकीणबाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांनी पहिल्याच दिवशी कायदा वाचून दाखवला.

"पोरं अभ्यास करायलेत. कुकरची शिट्टी दुपारी एक ते दोन. बोलायचं तर गच्चीवर, ते बी हळू."

"मावशी, शिंक आली तर?"

"पदर हाय ना?"

मावशींच्या ओसरीत एका फळीवर सात पेल्यांची उतरंड होती. एक उपडा, त्यावर एक सुलटा, त्यावर पुन्हा उपडा. भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती, पण निम्म्या गल्लीत अशी उतरंड होती. जमीन हलली की पेले आधी पडतात, आणि पेले पडले की बाकी काही न विचारता मोकळ्यावर पळायचं. ती फळी मी रोज श्वास रोखून पुसायची.

मुलगी सकाळी सहाला जायची, दुपारी यायची, पुस्तक उघडं ठेवून जेवायची. मी काही सांगायला गेले की "हं." दुसऱ्यांदा सांगायला गेले की तेही नाही. मग मी वांग्यांशी बोलायला लागले. "काय बाई तुझं देठ, नवरीसारखा तोरा!" वांगी ऐकून घ्यायची, पण दाद नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना आम्ही आया खुणांनी बोलत असू, आणि खाली उतरताना प्रत्येकीचा चेहरा पुन्हा मिटत असे. मावळतीला तर खोलीच्या दारात बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्या शेळ्या मोजत बसे.

मुलीची भाकरी अर्धी उरायची. गालफडं बसल्यासारखी वाटायची. मी एसटीडीच्या बूथवरून ह्यांना सांगितलं, "मानवत नाही असं दिसतंय."

पलीकडून आधी स्टीलचा खणखणाट आला. मग, "कुणाला?"

"आवाज येत नाही!" असं ओरडून मी फोन ठेवला. आवाज स्वच्छ येत होता.

तिसऱ्या आठवड्यात, एक ते दोनच्या सवलतीत, आम्ही तिघी ओसरीत गहू निवडत होतो. बाकीच्या दोघींचे चेहरे बघवेनात, म्हणून मी फिजिक्सच्या सरांची नक्कल सुरू केली, अर्थात मुक्यानं. सर स्कूटरवरून उतरतात तेव्हा आधी पोट उतरतं, मग चष्मा, मग सर. धर्माबाद तोंडात पदर कोंबून लोळायला लागली. मला चेव आला. सर स्टँड लावतात तो हिसका दाखवायला हात भिरकावला, आणि सातही पेले खाली!

पुढचं बघायला हवं होतं. मुरूड पळाली ती गव्हाचं सूप छातीशी धरून. मावशी वाफेचा कुकर घेऊन. शेजारच्या घरातले पेले कुणाच्या तरी धक्क्यानं पडले, मग त्याच्या पलीकडचे, आणि बघता बघता सगळी गल्ली कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर. सगळे जमिनीकडे बघत उभे. जमीन गप्प. मीही, आयुष्यात पहिल्यांदा आपणहून.

मुलगी कुठं दिसेना. गर्दीतून वाट काढत फिरले. मग लिंबाखाली दिसली. उकिडवी बसून काडीनं मातीत वर्तुळ काढत होती, भोवती पाच-सहा मुलं-मुली. तिनं डोळे मोठे केले, आवाज खाली आणला, सगळे वाकेपर्यंत थांबली, आणि मग मातीवर हात आपटून म्हणाली, "आणि गंमत इथं हाय!" मुलं खो-खो हसली. ते मधेच थांबणं माझं होतं. माझ्या घरात ही मुलगी बापासारखी मुकी म्हणून ओळखली जायची.

"अगं चल, काही झालं नाही, ते मीच..." मी हाक मारली. तिनं वर न बघता माझ्याकडे तळहात केला. थांब.

मी थांबले. मुलं पुन्हा हसली. कशाला, ते मला कळलं नाही.

जेवताना विचारलं, "तुला मानवतं का गं हे?"

"हाव. लई."

"मग भाकरी का टाकतेस?"

"तू समोर बसून बघतेस ना. घास मोजल्यावानी वाटतंय." मग भाकरीचा तुकडा मोडत हळूच, "आई, तू जा घरी. तुला न्हाई मानवत. वांग्यांशी बोलतेस, मी ऐकलंय."

निकाल लागला, हे आले, प्रवेश पक्का झाला. मुलीच्या जेवणाचं धर्माबादनं स्वतःहून अंगावर घेतलं. निरोप घेताना मावशी म्हणाल्या, "देगलूर, पेले कुणी पाडले ते मला तवाच कळलं. भूकंपाआधी कुणी हसत न्हाई."

आता दुकानात गिऱ्हाईक आलं की मी ही गोष्ट सांगते. फळीवरचे सात पेले काढून उतरंड रचते, सरांचं पोट उतरवते, मावशींना कुकरसकट पळवते. लोक डोळे पुसत जातात. तळहाताचं मी सांगत नाही.

परवा रात्री वरण लावलं होतं. कुकर फुसफुसायला लागला तशी मी फडकं घेऊन धावले आणि शिट्टी व्हायच्या आत तो उतरवायला हात घातला.

"होऊ दे की शिट्टी," हे दारातून म्हणाले. "कोण हाय घरात?"