मोठ्या चाकांची किळस

गाडीला मोठी चाकं लावलेला माणूस दिसला की मला किळस येते, कारण तो गाढवपणा मी स्वतः केला आहे.

नवीन जालन्यातला दुकानदार म्हणाला, "भाऊ, गाडी बिलकुल वाघावानी दिसंल." दिसलीही. पण चाकं जात्याच्या तळीएवढी जड! अ‍ॅक्सिलेटर दाबला की गाडी आधी सुस्कारा टाकायची, मग निघायची. पेट्रोल तर म्हशीसारखी प्यायची.

त्यातच जालन्यात मेहुणीचा साखरपुडा ठरला. मुहूर्त अकराचा. टेंभुर्णीच्या सासुरवाडीहून बाकीचे जीपने गेले. जावयाच्या गाडीला नाही कसं म्हणायचं, म्हणून सासरे नवरदेवाची अंगठी घेऊन माझ्या गाडीत बसले. मागे बायकोच्या दोन वजनदार आत्या.

गाडी दबली अन् चाकं मडगार्डला घासू लागली. दर खड्ड्याला सासऱ्यांची टोपी छताला चिकटायची. जळक्या रबराची घाण सुटली. आत्याबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "जावईबापू, गाडीत काही मेलं का?" तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट आम्हाला मागे टाकून गेला.

साडेदहा वाजले. सासरे उतरले अन् मोसंबीच्या टेम्पोला हात करून म्हणाले, "तुम्ही चाकं घेऊन या सावकाश. मला पोरीचा साखरपुडा करायचाय."

अंगठी मुहूर्तावर पोचली. मी पोचलो तेव्हा पंगत उठली होती. होणारा साडू माझ्या गाडीभोवती फिरून म्हणाला, "साडूभाऊ, चाकं कुठं बसवली? मलाबी लावायचीत."

मी म्हटलं, "आधी सासऱ्यांना विचारा."