एक नग मिळेल का?

खेळणी जमवणाऱ्या माणसाकडं खेळण्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. खेळण्यांना निदान कपाट लागतं, जागा संपली की घरचे बोलतात. किस्स्यांवरून कुणी बोलत नाही, त्यामुळं ते वाढतच जातात. आमच्या चौघांचे बहुतेक सगळे एकाच ठिकाणचे. नांदेडला एका मंगल कार्यालयात खेळण्यांच्या ठोक व्यापाऱ्यांचं प्रदर्शन भरतं, तिथले.

चौघं म्हणजे मी, लातूरचा मेडिकलवाला. उदगीरचे महालिंगप्पा, त्यांचं कापडाचं दुकान, त्यांना सगळे आप्पा म्हणतात. निलंग्याकडच्या कर्णबधिर मुलींच्या शाळेतल्या वर्षाताई. आणि उमरीचे गोविंदकाका, रेल्वेतून रिटायर झालेले. खेळण्यांचं दुकान आमच्यापैकी एकाचंही नाही. आणि गेटवर बोर्ड असतो, 'फक्त व्यापाऱ्यांसाठी'!

पहिल्या वर्षी आम्ही त्या बोर्डापाशीच अडकलो. टेबलावरच्या पोरीनं मला विचारलं, "दुकान कशाचं?"

"मेडिकल."

"मग खेळणी कशाला?"

मी घाईघाईत म्हणालो, "पेशंटसाठी लागतात."

"कुठले पेशंट?"

मागून आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्येच की! लई जुना आजार हाय, बाई. सोडा आत."

तिनं हसून चौघांनाही पास दिले.

*

आत गेलं की दुसरी अडचण. कुठल्याही स्टॉलवर आम्ही एकच प्रश्न विचारणार, "एक नग मिळेल का?" आणि समोरून एकच उत्तर येणार, "डझनाच्या खाली देत नाही."

आप्पांना एकदा पत्र्याचा बेडूक आवडला. हिरवागार, चावी दिली की टुणकन उडणारा. स्टॉलवाला हट्टाला पेटला, आप्पाही पेटले. शेवटी अख्खा डझन घेतला. "एक मला, बाकीचे वाटून टाकू," म्हणाले.

परतीच्या एस.टी.त आप्पा बेडूक वाटत सुटले. ज्या सीटवर लेकरू, तिथं एक बेडूक. गाडीभर टकटक, टकटक! कंडक्टरनंही एक मागून घेतला. लातूरला उतरल्यावर मी म्हणालो, "आप्पा, तुमचा दाखवा की."

आप्पांनी रिकामी पिशवी झटकून दाखवली.

"अहो, ज्याच्यासाठी डझन घेतला तोच दिला?"

"काय करता? शेवटच्या सीटवरचं लेकरू बी रडायलंच होतं."

*

गोविंदकाका फारसं बोलत नसत. एका वर्षी कुठल्याशा चॅनलचा पोरगा माईक घेऊन फिरत होता. काकांच्या हातात चावीची कोंबडी पाहून त्याला गंमत वाटली. "काका, या वयात खेळणी?"

आम्हाला वाटलं, काका चिडणार. ते शांतपणे कोंबडी टेबलावर ठेवून म्हणाले, "बापू, मी लहान होतो तवा घरात खेळणं नव्हतं. खेळणं आणायची ऐपत आली, तवर पोरं मोठी झाली. आता खेळणं बी रिकामं, मी बी रिकामा."

पोरानं माईक खाली घेतला.

*

वर्षाताईंचा किस्सा गेल्या वर्षीचा. एका स्टॉलवर बोलणारी बाहुली होती. पोट दाबलं की इंग्रजीत नाव सांगायची, गाणं म्हणायची. विक्रेता कौतुकानं पोट दाबत होता.

ताई म्हणाल्या, "न बोलणारी आहे का?"

"मॅडम, न बोलणारी आता कोण घेतं?"

"माझ्या शाळेतल्या मुली. त्यांना ऐकू येत नाही. त्या हातांनी बोलतात. बोटं हलणारी बाहुली असेल तर दाखवा."

मग त्यानं एकेक खोका उघडायला सुरुवात केली. नवरी, परी, डॉक्टरीण, सैनिक. प्रत्येकीचा हात उजेडात धरून बघायचा आणि बाजूला ठेवायचा. शेजारचा स्टॉलवालाही आपला माल घेऊन आला. टेबलावर बाहुल्यांचा ढीग झाला.

शेवटी तो कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "मॅडम, इतकी वर्षं हा धंदा करतोय, कधी लक्षातच आलं नाही. सगळ्यांची बोटं चिकटलेली आहेत!"

ताईंनी त्या दिवशी काहीच घेतलं नाही. परतीच्या एस.टी.त लातूरपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

*

गोविंदकाका श्रावणात गेले. यंदा आम्ही तिघांनी जायचं की नाही, यावर आठवडाभर फोनाफोनी चालली. मग एके दिवशी उमरीहून काकूंचाच फोन आला. "मी येऊ का?"

काकूंनी आयुष्यात एका खेळण्याला हात लावला नव्हता. काका खेळणं काढून बसले की त्या उठून आत जायच्या, हे आम्ही स्वतः पाहिलं होतं. नांदेड स्टेशनला त्या एकट्याच उतरल्या. प्रदर्शनात आमच्या मागून चालत राहिल्या, कशाकडं नीट बघितलंही नाही.

कोपऱ्यात हैदराबादच्या मौलानांचा स्टॉल असतो, चावीच्या खेळण्यांचा. त्यांनी आम्हाला मोजल्यासारखं बघितलं. "उमरीवाले काका नहीं आए?"

काकू पुढं झाल्या.

"त्यांनी यंदा मला पाठवलंय."

मौलाना उभे राहिले. टेबलाखालून एक बुटकं स्टूल काढलं, रुमालानं पुसलं. "वो इसपेच बैठते थे. बैठो, अम्मा."

काकू बसल्या. मौलानांनी समोर पत्र्याचा एक जोकर ठेवला. काकूंना चावी कुठं असते तेही ठाऊक नव्हतं. मौलानांनी जोकरच्या पाठीवरची चावी दाखवली. काकूंनी घाबरत घाबरत पिळली आणि जोकर डुलत, ढोलकं वाजवत निघाला. काकू पदर तोंडाशी धरून बघत होत्या. चावी संपली, की पुन्हा पिळायच्या. मागं गिऱ्हाइकं थांबली होती, पण पुढं सरा, असं कुणी म्हणालं नाही.

बऱ्याच वेळानं मौलानांनी हळूच खोका काढला. "बांध दूं, अम्मा?"

"नका बांधू," काकू म्हणाल्या. "चालू द्या."

जोकर ढोलकं वाजवत टेबलाच्या काठाशी आला. काकूंनी खाली ओंजळ धरली.