न पुकारलेली नथ

ती नथ आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यांतले बरेचसे विसरलोही. पण ती मोत्यांची नथ आणि तिच्यापायी कोठडीत बसलेला तो नट काही विसरता येत नाही. नावे मी कुणाचीच सांगणार नाही. का, ते पुढे कळेलच.

तेव्हा मी कल्याणला फौजदार होतो. एक लहानशी नाटक मंडळी गावात उतरली होती. तिच्यामागे ना कोणी संस्थानिक, ना कोणी बडा धनी. गावोगावचे लोक हौसेने देतील त्यावर तिचे चालायचे. कोणी तांदळाचा शिधा द्यावा, कोणी दिव्यांना तेल, कोणी मांडवाला बांबू. मंडळींचा एक रिवाज होता. पडदा उघडण्यापूर्वी सूत्रधार पुढे येऊन देणाऱ्याचे नाव आणि दिलेली वस्तू खणखणीत आवाजात पुकारायचा. लोक नाटकासाठी देत की नावासाठी, हे मला कधी कळले नाही. बुधलीभर तेल देणारा माणूससुद्धा आपले नाव येईपर्यंत मान ताठ करून बसलेला मी पाहिला आहे.

एके सकाळी गावातले एक वजनदार गृहस्थ चौकीवर आले. मंडळींना शालजोडी देऊन त्यांनी आपले नाव थाटात पुकारून घेतले होते. मांडवही त्यांच्याच घरामागच्या मोकळ्या जागेत घातला होता. आज मात्र स्वारी संतापलेली होती.

"फौजदार, आमच्या घरातली नथ चोरीला गेली. आणि काल ती कुठं दिसली म्हणता? त्या नाटक्याच्या नाकात!"

नथ त्यांच्या वहिनींची, म्हणजे वारलेल्या थोरल्या भावाच्या पत्नीची. नवरा गेल्यापासून पेटीत पडून होती. मोत्यांच्या मधोमध हिरवा खडा, अशी दुसरी नथ गावात नव्हती. पहिल्या रांगेत बसलेल्या या गृहस्थांनी ती लगेच ओळखली. मी फिर्याद लिहून घेत होतो, तोच आमच्या हवालदाराने खबर आणली.

"रावसाहेब, एक खेळ उरलाय त्यांचा. मग चंबूगबाळं आवरून ठाण्याला चाललेत. आत्ताच धरा, नाहीतर माल हातचा जाईल."

पंच घेऊन आम्ही मंडळींच्या बिऱ्हाडी गेलो. झडती कसली, नथ समोरच होती. रंगाच्या पेटीत, वरच, कापसात जपून ठेवलेली. चोरीचा माल असा कोणी ठेवत नाही, हे तेव्हाच माझ्या मनात आले. पण मनात आलेले पंचनाम्यात लिहिता येत नाही. नायिकेची भूमिका करणाऱ्या त्या नटाला मी चौकीवर आणले. विशीतला, सडपातळ, पाठीवर लांबसडक केस.

"कुठून आणलीस?"

"दान मिळालं, रावसाहेब."

"मग पुकारलं का नाही? इथं तर तेलसुद्धा पुकारतात."

"देणाऱ्याची इच्छा नव्हती. गुप्तदान आहे."

"कोण देणारा?"

"ते सांगितलं तर मग गुप्त काय राहिलं?"

हवालदार हसला. मला हसू आले नाही, राग आला. उलट उत्तरे मला कधीच खपली नाहीत. मी म्हणालो, "ठाण्याच्या तुरुंगात गेल्या गेल्या डोकं भादरतात. ठाऊक आहे ना?"

त्याचा हात आपोआप केसांकडे गेला आणि चेहरा पांढराफटक पडला. पण देणाऱ्याचे नाव काही त्याने सांगितले नाही. बाहेर मंडळींचे चालक हात जोडून उभे होते. "रावसाहेब, दुसरा कुणी नायिका करणारा नाही हो आमच्याकडे. हा गेला की मंडळी मोडली म्हणून समजा." मी त्यांनाही वाटेला लावले.

मुद्देमालाचे वर्णन लिहायला नथ हातात घेतली आणि थबकलो. फिर्यादीत लिहिले होते, नाकात घालायच्या तारेची नथ. हिला तर चाप होता, नुकताच बसवलेला. तसा तो हवाच, कारण पुरुषाचे नाक टोचलेले नसते. नटाने बदलून घेतली असेल, असे फिर्यादी म्हणाले. असेलही. पण चोरीची नथ घेऊन त्याच गावच्या सोनाराकडे जाण्याइतका हा पोरगा मूर्ख वाटत नव्हता. म्हणून मी उलट्या बाजूने निघालो आणि फिर्यादीच्या घरचे काम करणाऱ्या सोनाराला गाठले. तो आधी आढेवेढे घेत राहिला, मग खाली मान घालून बोलला.

"चाप मीच लावला. मोठ्या बाईंनी मागच्या दारी बोलावलं होतं. मी विचारलं, चाप कशाला हो? तर म्हणाल्या, ज्या नाकात घालायची ते टोचलेलं नाही."

फिर्यादी कचेरीत गेल्याचे पाहून मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी दाराआडून जबानी दिली. मला फक्त केशवपन झालेल्या विधवा नेसतात त्या लाल आलवणाची कड दिसत होती. आवाज मात्र स्वच्छ होता.

"नथ माझ्या माहेरची. मीच दिली. मोलकरणीकडून, शिध्याच्या तांदळात घालून. नाव पुकारू नका, असं बजावून."

"पण का दिलीत?"

"माडीच्या खिडकीशी बसून मी रोज गाणं ऐकते. मला खाली मांडवात कोण जाऊ देतंय? घरच्या बायका हसत होत्या, नायिकेची नथ पितळेची म्हणून. इतकं सुरेल गाणारीला पितळेची नथ? माझ्या नाकात ती आता जायची नाही. निदान दिव्यांपुढे तरी चमकू दे."

तो कोठडीत आहे हे त्यांना माहीतच नव्हते. मी सांगितले. केसांचेही सांगितले. मग त्या म्हणाल्या, "माझं नाव सांगा कोर्टात. व्हायचं ते होऊ दे. त्याचे केस जाऊ देऊ नका."

विधवा बाईने नटाला नथ दिली, एवढे वाक्य गावात फुटले असते तर त्यांना त्या घरात जगणे कठीण झाले असते. हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होते. मला गलबलून आले, हे सांगायला लाज वाटत नाही.

मी म्हणालो, "दुसरा मार्ग आहे. पण मग दान तुमच्या दिरांच्या नावावर जाईल."

"जाऊ दे. नाव कुणाचंही पुकारा. नथ तेवढी तिथून काढू नका." मी उठलो तेव्हा पुन्हा आवाज आला. "फौजदार, एक विचारायचं होतं. चाप रुतत तर नाही ना त्याला?"

संध्याकाळी मी फिर्यादीला समोर बसवले. "नथ तुमच्या वहिनींची, स्त्रीधन. त्यांनी स्वतः दिली, तेव्हा चोरी झालीच नाही. तरी खटला चालवायचा, तर ठाण्याच्या कोर्टात त्यांची साक्ष होईल. चालवू?"

ते खुर्चीतून अर्धवट उठले. "अहो, लोक काय म्हणतील?"

"सूत्रधार पुकारेल तेच म्हणतील."

फिर्याद गैरसमजाने झाली होती, नथ आमच्या घरूनच मंडळींना दिली, असे त्यांनी लिहून दिले. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. मी प्रकरण मिटवले, नथ मंडळींना परत केली आणि नटाला सोडताना वहिनींचा प्रश्न त्याला विचारला.

त्याने नाकपुडीला हात लावला. "रुततो, रावसाहेब. लांब तान घेताना डोळ्यांत पाणी येतं. पण त्यांना सांगा, फुलासारखी बसते."

शेवटच्या खेळाला मी गेलो होतो. सूत्रधाराने नथ पुकारली आणि पहिल्या रांगेतले गृहस्थ उठून चारी दिशांना नमस्कार करू लागले. टाळ्या कडाडल्या. नायिकेने रिवाजाप्रमाणे देणाऱ्याला वाकून नमस्कार केला, पण पहिल्या रांगेला नव्हे. ती बाजूला वळली आणि मांडवालगतच्या त्या घराच्या माडीकडे तोंड करून वाकली. लोकांना वाटले, तिकडे देऊळ आहे म्हणून.

चोरी कुणी केली, हे शोधण्यात माझा जन्म गेला. कुणी दिले, हे शोधायची वेळ एकदाच आली, आणि ज्याचे नाव पुकारले जाते तोच देणारा, असे त्यानंतर मी कधी धरून चाललो नाही. वहिनींना त्यांच्या मोलकरणीकडून मी निरोप पाठवला, की फुलासारखी बसते. सगळ्या नोकरीत मी जाणूनबुजून दिलेली खोटी साक्ष तेवढीच.