यंदा ह्या घरांत कोणी नाहीं

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलेत, आजोबांनी खरेच प्रोग्रॅम लिहिला होता का आणि तो काय करायचा. मी एवढेच म्हणाले की तो श्राद्धाच्या तिथ्या काढून द्यायचा. तुम्ही हसलात. हसण्यासारखेच आहे. पण त्यातली एक गोष्ट मी तुमच्या आईबाबांनाही कधी सांगितली नाही, ती आता लिहून ठेवते. देवनागरी तुम्हांला वाचता येत नाही, तेव्हा आईकडून वाचून घ्या. म्हणजे तिलाही कळेल.

आपली माणसे तंजावरात तीनशे वर्षे राहिली, भात खाल्ला, तमिळ बोलली, पण महिने चंद्राचेच धरले. शेजारचे सूर्याचे धरतात. त्यामुळे आपल्या घरात कोणी गेले की त्याचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरात दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. पूर्वी प्रत्येक घरात एखादी म्हातारी असे, ती सगळ्यांच्या तिथ्या तोंडपाठ ठेवी. आमच्या वेळेपर्यंत बहुतेक घरांतली ती म्हातारी स्वतःच एक तिथी होऊन बसली होती, आणि मुले मद्रासला, बंगळूरला, पुढे तुमच्या बाबांसारखी समुद्रापलीकडे गेली होती.

आजोबा एक्याण्णव साली कॉलेजातून निवृत्त झाले. जन्मभर गणित शिकवलेला माणूस. तेव्हा गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे वर्ग निघत होते. त्यातल्या एकात ते नाव घालून आले आणि विशीच्या पोरींच्या मधोमध बसून शिकू लागले. मुली त्यांना तमिळ धाटणीने सार म्हणत आणि त्यांच्या चुका काढत. दोन वर्षांत तो वर्ग बंद पडला, तेव्हा तिथले एक यंत्र आजोबांनी घरी आणले, सायकलरिक्षातून, माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून.

तिथ्यांचा प्रोग्रॅम त्यांनी त्यावर लिहिला. पंचांगाचे गणित स्वतः करायचा मोह त्यांनी टाळला. दर पाडव्याला नवे पंचांग आले की मी एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि त्यांनी टाइप करायची, असा आमचा क्रम. त्याला आठवडा लागे. म्हणून दर पाडव्याला एक नवी आवृत्ती निघे, आणि मधे चुका सापडल्या तर अर्धीमुर्धी आणखी एखादी. पहिल्या आवृत्तीत त्यांनी सूर्योदयाची तिथी धरली होती. भटजींनी छापील कागद हातात घेतला आणि म्हणाले, "सार, तुमचं यंत्र सकाळी जेवतं वाटतं. पितर दुपारी जेवतात." श्राद्धाला अपराह्णाची, म्हणजे दुपारनंतरची तिथी बघायची असते. ती दुरुस्ती १.१ मध्ये झाली.

हळूहळू पंधरा घरे झाली. प्रत्येक घराचा फॉर्म मी भरून घेई आणि फाइलमध्ये लावून कपाटात ठेवी. फ्लॉप्या पोस्टाने जात. ओरत्तनाडूच्या माझ्या मावसदिरांनी आयुधपूजेला फ्लॉपीला चंदन लावले आणि तशीच यंत्रात घातली. त्यानंतर प्रत्येक पाकिटात मी एक चिठ्ठी घालत असे, की पूजा पाकिटाची करावी.

दुसऱ्या आवृत्तीतली एक ओळ मात्र मला सांगितलीच पाहिजे. कुंभकोणमच्या एका बाईचे वडील श्रावणात गेले. फॉर्म तिने लगेच भरून पाठवला, आणि तेराव्याच्या आधीच आमच्या कागदाने तिला त्यांच्या वर्षश्राद्धाची तयारी करायला सांगितले. ती फोनवर रडली. आजोबांनी त्याच दिवशी यंत्राला शिकवले की गेल्याचे वर्ष चालू वर्षाच्या आधीचे असेल तरच त्या माणसाला धरायचे, नाहीतर सोडून द्यायचे. वर्षाचे दोनच आकडे ते ठेवत, जागा वाचावी म्हणून. मी विचारले, "नव्याण्णव संपल्यावर काय?" ते म्हणाले, "तोवर दुसरं काही लिहू."

प्रोग्रॅम मराठीत बोलायचा, आपल्या घरच्या मराठीत, इंग्रजी अक्षरांत, कारण पंधरा घरांत मिळून देवनागरी वाचणारी माणसे दोन की तीन. एखाद्या घरात वर्षाचे कोणतेच श्राद्ध नसेल तर तो सांगे, "यंदा ह्या घरांत कोणी नाहीं." आणि बंद केला की पडद्यावर शेवटचा शब्द येई, "येतों." घरातून निघताना आजोबा असेच म्हणत.

अठ्ठ्याण्णवच्या माघात ते गेले. त्यांचा फॉर्म मी भरला.

पाडवा आला तेव्हा चौदा घरांना नवी आवृत्ती हवी होती आणि पंधरावे आपले. मी पंचांग घेऊन बसले आणि वाचायला लागले. दर ओळीनंतर सवयीने थांबत होते, त्यांचे टाइप करून होईपर्यंत. टाइप करायचे मलाच आहे, हे दर ओळीला नव्याने कळे. तरी ती आवृत्ती निघाली, पुढच्या पाडव्याचीही निघाली, आणि त्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाची तारीख त्यांच्याच प्रोग्रॅमने मला काढून दिली.

मग दोन हजार साल उजाडले. वर्तमानपत्रांत बँका बंद पडतील, विमाने पडतील असे येत होते. तुमच्या बाबांनी फोन केला, "आई, तुझ्या मशीनचं काय?" मी म्हटले, माझ्या मशीनवरून कसली विमाने पडणार.

दोन जानेवारीला, आंघोळ आणि कॉफी झाल्यावर, मी पौष-माघाची यादी काढायला बसले. वर्ष विचारल्यावर दोन शून्ये टाइप केली. पडद्यावर आले, यंदा ह्या घरांत कोणी नाहीं.

दुसरे घर घातले. कोणी नाहीं. पंधराच्या पंधरा घरे घालून पाहिली. कोणाच्याही घरात कोणीही गेलेले नव्हते. कारण मला लगेच कळले. शून्याच्या आधीचे वर्ष कोणते असणार? सगळे त्या ओळीला अडून बाहेर राहिले होते. उपायही समोर होता. फॉर्म कपाटात होते, पंचांग टेबलावर. प्रोग्रॅम दुरुस्त व्हायला चार दिवस लागोत की महिना, एका दुपारी चौदा पोस्टकार्डे लिहून टाकली असती तर कोणाचेच काही अडले नसते.

मी ती लिहिली नाहीत. यंत्र बंद केले. पडद्यावर "येतों" आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते पुन्हा लावले, आपले घर घातले, दोन शून्ये घातली आणि ते वाक्य वाचले. तिसऱ्या दिवशीही. मला वेड लागले नव्हते. भात एकटीपुरताच टाकत होते. पण वाक्य त्यांचे होते, त्यांच्या बोलण्यातले होते, आणि हा माणूस माझ्याशी कधी खोटे बोलला नव्हता. चौथ्या दिवशी मी रेडिओ लावायचे सोडले, कारण टाइप करताना त्यांना तो चालत नसे. एकदा दार लोटायला उठले आणि तसेच उघडे ठेवून परत आले. रोज शेवटी ते "येतों" म्हणत, बाजारात निघालेल्या माणसासारखे, आणि मी दुपारभर शांत असे. त्या दिवसांत घरात कोणाची तरी चाहूल होती असे मी म्हणणार नाही. चाहूल लागायला जे दार उघडे ठेवावे लागते ते मी ठेवले होते, एवढेच म्हणते.

भोगीच्या आदल्या दिवशी पापनाशमहून फोन आला. तिथे आजोबांचे बाळपणीचे मित्र राहत, निवृत्त हेडमास्तर. मी त्यांना भाऊजी म्हणत असे.

"वहिनी," ते म्हणाले, "तुमच्या यंत्रानं आमच्या आईला उठवून बसवलंय."

"म्हणजे?"

"कोणी नाही म्हणतं. आई नाही, अप्पा नाही, आजा नाही. मी हिला म्हटलं, पानं मांड, सगळी मंडळी घरातच आहेत." मग हसणे थांबवून म्हणाले, "आईचं पौषातलंच ना हो? पोंगलच्या आगेमागे येतं एवढं ध्यानात आहे. वही वाळवीनं खाल्ली तेव्हापासून मी तुमच्या भरवशावर."

मी त्यांना थांबायला सांगितले आणि कपाट उघडले. फॉर्म लगेच मिळाला. पौष शुद्ध पंचमी. पंचांगावर बोट ठेवले आणि बोट तिथेच राहिले.

"भाऊजी, परवा झाली."

 ते बोलले, पण माझ्याशी नाही. "अगं, परवा आपण काय केलं?"

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "परवा तुम्ही हजामत करून आलात आणि कांदा घातलेले वडे खाल्लेत. का?"

त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवसापासून मी प्रोग्रॅम दुरुस्त करायला बसले. बाहेर पोंगलचे मडके उतू जात होते, पोरे ओरडत होती, आणि मी यंत्राला चार आकडी वर्ष शिकवून प्रत्येक फॉर्म काढून गेल्याच्या वर्षापुढे एकोणीस घालत होते. आपल्या घराची फाइल शेवटी घेतली. यादी छापून आली तेव्हा तुमचे पणजोबा, पणजी, आजोबांचे धाकटे भाऊ, आणि खाली आजोबा. मी उठून दार लावले.

सतरा तारखेला फ्लॉपी आणि त्यांच्या घराचा फॉर्म पिशवीत घालून पापनाशमची बस धरली. बस उसाच्या मोळ्यांनी भरलेली. भाऊजींनी नेहमीसारखे या म्हटले. समोरच्या भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो होता. नऊवारी लुगडे, एक हात खुर्चीच्या पाठीवर, फोटो काढणाऱ्याने आपल्याला का उभे केले हे न कळल्यासारखी नजर. या घरात मी किती वेळा आले होते, पण तिच्याकडे नीट कधी पाहिले नव्हते.

भाऊजींनी फ्लॉपी घालून यादी काढली. आईचे नाव पहिले आले, पुढे अकरा जानेवारी.

"चार दिवसांत केलंत," ते म्हणाले. "तो असता तर महिना लावला असता, आणि वर तीन व्याख्यानं." त्यांच्या बायकोने कॉफी आणली. ती घेता घेता त्यांनी सहज विचारले, "हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

तुमचा फोन आल्यावर, असे म्हणता आले असते. त्यांना ते खरे वाटले असते.

"दोन तारखेला," मी म्हणाले.

त्यांनी पेला खाली ठेवला. "पंचमी अकराला होती."

"हो. फॉर्म कपाटात होते. कार्ड टाकलं असतं तर वेळेवर पोचलं असतं."

"मग?"

"आमच्या घरात कोणी नाही असं ते म्हणत होतं. मी ते बघत बसले."

 ते म्हणाले, "तुमचा माणूस दोन वर्षांमागे गेला, वहिनी, मला कळतं. माझी आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. त्रेपन्न वर्षांत एक तिथी चुकली नव्हती. बदल्या झाल्या, टायफॉइड झाला, तरी नाही."

"अमावास्येला करता येतं," त्यांची बायको म्हणाली. "शास्त्रात आहे."

"शास्त्रात आहे," ते म्हणाले. "पण तिला माहीत आहे का? ती अकराला, मंगळवारी येऊन गेली."

त्यांनी टेबलाच्या खणातून एक वही काढली आणि त्यांच्या घराचा फॉर्म मला वाचायला सांगितला. मी एकेक तिथी वाचली, त्यांनी तमिळ अक्षरांत शाईने लिहून घेतली. लिहून झाल्यावर फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली. "पाडव्याला पाठवू नका. रागानं म्हणत नाही." राग खरोखरच नव्हता. बस येईपर्यंत ते माझ्याबरोबर उभे राहिले.

त्या पाडव्याला मी तेरा पाकिटे केली. पुढे आणखी काही वर्षे आवृत्त्या निघाल्या, मग घरे एकेक करून गळली. भाऊजीही आता नाहीत. त्यांच्या मुलांचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि असता तरी काय कळवणार होते?

आजोबा मला कधी दिसले नाहीत. स्वप्नातसुद्धा फारसे येत नाहीत. येते ती ही बाई, भाऊजींची आई. पौष शुद्ध पंचमी मी दरवर्षी पंचांगात बघून ठेवते. त्या दिवशी ऊन ओट्यावरून उतरले की घरात कोणीतरी येऊन उभे राहिल्यासारखे वाटते, एक हात कशावर तरी टेकून. काही मागत नाही. जेवायला बोलावले होते आणि पान मांडलेले नाही, म्हणून नुसती थांबते. तिच्यासाठी पान मांडायचा मला अधिकार नाही. मी तिच्या घरची नाही, गोत्राची नाही. म्हणून त्या दुपारी मीही जेवत नाही. शेजारीण विचारते, मामी, आज कसला उपास, आज तर एकादशी नाही. मी म्हणते, आमच्यात असतो. आणि अपराह्ण सरेपर्यंत स्वयंपाकघरात पाटावर बसून राहते.