देवीचा कोंबडा कोणता

आणीबाणीच्या आदल्या वर्षी भिवंडीच्या एस.टी. स्टँडवर एक शेतकरी माझ्या बाकावर येऊन बसला. त्याच्या काखेत पाय बांधलेला लाल कोंबडा होता. कोंबड्याच्या मानेवरून तो सारखा हात फिरवत होता.

तो सांगू लागला. त्याच्या घरी परसात अगदी असाच दुसरा कोंबडा होता. दोघे रक्त निघेपर्यंत झुंजत, म्हणून एक काढायचा होता. पण मुलगी तापाने फणफणली तेव्हा त्याने यांच्यातलं एक पिल्लू देवीला नवसाचं म्हणून बोललं होतं. मुलगी बरी झाली, पिल्लं वाढली आणि देवीचं कोणतं ते ओळखू येईना.

"चुकून तिचा कापला तं पोरीला नेल ती."

"मग दोन्ही देवीला द्या," मी शहाणपणाने म्हणालो.

त्याने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला, साहेब. दोन दिलं का तिला कळंल, मी इसरलो म्हनून."

देवीच्या सर्वज्ञतेबद्दल माझे काही मुद्दे तयार होते. तेवढ्यात त्याने विचारलं, "तुमी देव मानता?"

"नाही."

"मग तुमीच न्या ह्याला."

त्याने कोंबडा माझ्या मांडीवर ठेवला. कोंबड्याचं अंग गरम लागलं. घरी माझी मुलगी दोन दिवस तापात होती.

आम्ही शाकाहारी आहोत, असं सांगून मी कोंबडा परत दिला. आम्ही शाकाहारी नव्हतो.