नस बसली

निलेशने टोपी काढली, डोकं टेबललॅम्पखाली आणलं आणि कानशिलावर बोट ठेवलं. "साहेब, ही फुगलेली नस बघा. मोबाईलवर वाचलं, यात माणूस आंधळा होतो."

वय तिशीचं. मिलच्या ऑफिसात डिस्पॅच बघतो, जिमला जातो. अंगावर चरबी नाही, म्हणून कानशिलातली धमनी वाकडीतिकडी उठून दिसत होती. धमनी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी नळी. दाबून पाहिली. मऊ होती, नीट उडत होती, दुखत नव्हती. आमच्या उधन्याच्या उन्हात चालून आलेल्या कुठल्याही सडपातळ माणसाची अशीच दिसते.

"तुला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"एमआरआय करून टाकू ना?"

"नको."

त्याला पटेना. मग तो आजार कुणाला होतो ते सांगितलं. वय पन्नाशीच्या पुढे. पूर्वी कधी नव्हती अशी डोकेदुखी. केस विंचरताना डोकं हुळहुळतं, घास चावता चावता जबडा थकतो. धमनीला सूज येते आणि ती आतून बुजत जाते. डोळ्याकडे जाणारी बुजली की नजर जाते, आणि गेलेली नजर परत येत नाही.

शेजारच्या स्टुलावर त्याची आई, सुमनमावशी, बसल्या होत्या. लेकाच्या काळजीने सोबत आलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, "हाई तं माले व्हस. भाकर चावता चावता जबडा थकी जास."

"माय, तुझी नस चढली आहे," निलेश म्हणाला. "साहेब, कोसाडला एक काका आहेत. तेल लावून नस बेसाडी देतात. रविवारी नेतोच आहे."

आपल्याकडे 'नस' या एका शब्दात सगळं भागतं. पोटरीत गोळा आला, नस. मान आखडली, नस. आणि चढलेली नस बसवणारा कुणीतरी प्रत्येक वस्तीत असतोच.

मी मावशींचं कानशील चाचपलं. सुतळीसारखी कडक धमनी, जेमतेम उडणारी. हात लागताच त्या कळवळल्या. मी रक्त तपासायला पाठवलं, मोठ्या हॉस्पिटलात फोन करून ठेवला आणि स्टिरॉइडची पहिली गोळी माझ्यासमोर घ्यायला लावली. "मी सांगेपर्यंत बंद करायची नाही," असं दोनदा बजावलं.

"स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात ना?" निलेशने विचारलं.

"होतात. त्यावर औषध देता येतं. गेलेल्या डोळ्यावर नाही."

सोमवारी आलेल्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये सूज भरपूर निघाली. मी निलेशला फोन केला.

"माय एकदम ठणठणीत आहे, साहेब. काकांनी नस बसवली."

"अरे, ते गोळीने थांबलं. या आजारात स्टिरॉइडने एका दिवसात आराम पडतो. गोळ्या चालू आहेत ना?"

"आराम पडला म्हणून बंद केल्या. उगाच स्टिरॉइड कशाला?"

मी फोनवरच ओरडलो. आत्ता सुरू कर, आजच हॉस्पिटलात ने. तो "हो साहेब, हो साहेब" करत राहिला. काकांसाठी त्याला रविवार सापडला होता, हॉस्पिटलसाठी वार सापडला नाही.

मग एका सकाळी तो मावशींना हाताला धरून घेऊन आला. उठल्या तेव्हापासून उजव्या डोळ्यासमोर अंधार होता. डोळ्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उरलेला डोळा वाचवण्यासाठी मोठ्या डोसचं स्टिरॉइड सुरू झालं. उजव्यासाठी करण्यासारखं काही नव्हतं.

"पण साहेब, नस तर बसली होती," निलेश म्हणाला. एक थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, पण वाटली हे खरं. स्वतःच्या निरोगी कानशिलासाठी हा एमआरआय मागत होता.

मावशींना माझा चेहरा दिसला असावा. "त्याले बोलू नका, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "त्यानी नस बी एक डाव परत देखी ल्या. पोऱ्या घाबरेल शे."

मी निलेशची नस परत पाहिली. काय करणार? ठीकच होती.

आता या आजाराची गोळी देताना मी आधीच सांगून ठेवतो. उद्या बरं वाटेल, आणि त्याचं श्रेय घ्यायला कुणीतरी येईल. त्याला खुशाल द्या, वर पेढे द्या, पाया पडा. गोळी तेवढी गिळत राहा.