थर्मास रिकामा परत करू नये

गाडी हलली आणि बाबांना आठवलं, की पोरीला चहा द्यायचा राहिलाच. थर्मास खिडकीच्या गजांतून जाईना. मग ते नागपूर स्टेशनच्या फलाटावरून धावत दारापर्यंत आले आणि तान्हं मूल सोपवावं तसा तो माझ्या हातात दिला.

"बाबा, हा तुमच्या रात्रपाळीचा! मले काहून देता?"

"घेऊन जाय वं! मले कँटीनात भेटते चहा!" ओरडता ओरडता ते हमालाच्या हातगाडीवर आदळले. मी बडोद्यापर्यंत हसत होते, मधूनमधून रडत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपूरजवळच्या कोराडीत, वीजकेंद्राच्या आमच्या कॉलनीत थर्मास फ्लास्कला केवढी कामं! उन्हाळ्यात बर्फ, दवाखान्यात बाळंतिणीला गरम दूध, थंडीत पाळीवर चहा. बडोद्याला मला नोकरी लागली, त्या कारखान्यातल्या लॅबमध्ये मात्र फ्लास्क म्हणजे काचेचं पात्र. दिवसभर मी ती पात्रं विसळायची आणि खोलीवर आले की आमचा लाल फ्लास्क कपाटावरून माझ्याकडे बघत बसायचा.

परत का नाही पाठवला? अहो, भांडं कधी रिकामं परत करतात का! आई शेजारणीची वाटीसुद्धा चिमूटभर साखर घालून पाठवायची. मग बाबांचा थर्मास काय नुसत्या साखरेवर पाठवायचा? काहीतरी तोलामोलाचं हवं. केशर? बदाम? नागपूरला जाणारं माणूस भेटायचं, मी विचार करत बसायची, माणूस निघून जायचं. असे दोन हिवाळे गेले.

शेवटी मीच गेले. स्टेशनवर थर्मास चहाने भरून घेतला, कोराडीच्या बसमध्ये मांडीवर सांभाळला आणि घरात शिरताच नाटकातल्या राणीसारखा बाबांपुढे पेश केला. त्यांनी घोट घेतला आणि जागेवरून उडालेच.

"इतका गरम कोण पेते वं!"

आई आतून म्हणाली, "रात्री कँटीन बंद राहते. तू गेली तवापासून बाटलीतला थंडा चहा पिऊन राहिले ते. आता गरम चालतच नाही त्याईले."

"तू चूप राय वं," बाबा तिला म्हणाले आणि कप खिडकीत निवायला ठेवला. वाफ विरल्यावरच त्यांनी तो पुन्हा उचलला.

थर्मास तिथेच ठेवायचा माझा बेत होता. निघताना पाहते तर तो माझ्याच पिशवीत, आत गच्च साखर.

"रिकामा कसा देऊ वं?" बाबा म्हणाले.

गाव सोडलेल्यांनो, तुमच्याही कपाटावर असं काहीतरी बसलेलं असेलच. मी अजून चहा ओतते, खिडकीत ठेवते आणि वाफ जायची वाट बघते. मुलं हसतात. हसू देत. तो थंड झाला, की मी कोराडीत असते.